सोबतच्या ‘मावशी’ला बाहेर बसवा
परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात पोटदुखी घेऊन मुलगी येते. केसपेपरवर वय एकोणीस, दिसते पंधराची. नाव, गाव, दुखणं सगळं सोबतची ‘मावशी’च सांगते, पत्ता विचारला की मुलगी तिच्याकडे बघते. अंगावर जुने वळ, वारंवार होणारा संसर्ग. इथे तस्करीची शंका यायलाच हवी. मावशीला बाहेर बसवा, दुभाषाही तिला करू नका. आधी उपचार, एफआयआर नाही म्हणून तपासणी अडत नाही. जरीच्या, बॅगांच्या कारखान्यांत राबवली जाणारी मुलंही जखमा घेऊन येतात, त्यांनाही एकट्याने बोलू द्या. अठराखालील मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते.