दोरा कधी तुटतो?

समजा, 10 धाग्यांची एक जुडी आहे. पहिला धागा 1 किलो पेलतो, दुसरा 2, असं करत दहावा 10 किलो. बेरीज 55. मग जुडी 55 किलो पेलेल? नाही. 31 किलो टांगून बघा. प्रत्येकावर 3.1 किलो येतात आणि पहिले तीन धागे तुटतात. त्यांचा भार उरलेल्या सातांवर पडतो, चौथा जातो. मग पाचवा, सहावा... शेवटी सगळी जुडी तुटते. तिची खरी ताकद फक्त 30 किलो!

हे गणित संख्याशास्त्रज्ञ डॅनियल्स यांनी 1945 मध्ये मांडलं. त्याआधी 1926 मध्ये पियर्स यांनी सुती धाग्यांवर काम करताना दाखवलं होतं, की धागा जितका लांब, तितकी त्यात कमकुवत जागा असण्याची शक्यता जास्त.

विमानाच्या पंखातल्या कार्बन तंतूंनाही हेच नियम लागू पडतात. पण तिथे तंतूंना एकत्र बांधणारं रेझिन मदतीला येतं. तंतू तुटला, की रेझिन त्याचा भार शेजारच्या तंतूंकडे पोचवतं. तुटल्या जागेपासून थोड्या अंतरावर तोच तंतू पुन्हा भार पेलू लागतो. धोका असतो तो एकमेकांना लागून अनेक तंतू तुटण्याचा. संगणकावरची प्रारूपं नेमके असे पुंजकेच शोधतात.

म्हणून अशा पदार्थाची ताकद सरासरी तंतूवरून ठरवू नये. आधी कोण तुटतं आणि भार कुणावर जातो, ते पाहावं.