मुतखडा आणि चौविहाराचा हिशेब

लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ किंवा मार्केट यार्ड. पेढीवर बसणाऱ्या आपल्या मंडळींचा दिवस पाहिला, तर मुतखड्याचे नवल वाटू नये. गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतो. काही जण तर गल्ल्यावरून उठावे लागू नये म्हणून मुद्दाम कमी पाणी पितात. मग मूत्र दाट होते, त्यातील कॅल्शियम व ऑक्झलेट यांचे स्फटिक जमतात आणि खडा तयार होतो.

चौविहार पाळणाऱ्यांनी हा हिशेब अधिक काळजीने मांडावा. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या व सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यात नवकारसीची ४८ मिनिटे मिळवली की जवळजवळ १४ तास पाण्याविना जातात. एकदा खडा झालेल्यास दिवसाला किमान अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्यास सांगतात. म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी उरलेल्या १० तासांत बसवावयाचे: २०० मिलिलिटरचे १५ पेले, तासाला दीड. सूर्यास्तापूर्वी घाईने तांब्याभर पिऊन ही तूट भरून निघत नाही, कारण जादा पाणी दोन-तीन तासांत बाहेर पडते. (हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.) खडा झालेल्यांनी चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीही त्यांना विचारलेले बरे.

पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून ताटात पापड-लोणचे वाढते. मीठ वाढले की मूत्रावाटे कॅल्शियमही अधिक जाते. याउलट खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध-दही तोडणे चुकीचे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. लिंबाचे सरबत उपयुक्त, पण साखर बेताची असावी.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही आठवड्यांत आपोआप पडतात. हुलग्याच्या कढणाला मिळणारे पुष्कळसे श्रेय खरे तर या आकाराचे असते! दहा मिलिमीटरहून मोठा खडा क्वचितच पडतो. तो ध्वनिलहरींनी किंवा दुर्बिणीने फोडावा लागतो. ध्वनिलहरींचा उपचार रुग्णावर प्रथम १९८० मध्ये म्युनिक येथे झाला.

वेदनेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी थांबली, तर सकाळची वाट पाहू नये. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाल्यास जिवावर बेतते. रात्री गोळी-पाणी न घेणारे वडीलधारे अशा वेळी रुग्णालयात जाण्याचेही टाळतात. त्यांना आवर्जून सांगावे, की वेदनाशामक औषध इंजेक्शनवाटेही देता येते.