गालातला खर्रा आणि स्नायूतली गाठ

गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा हा पाहुणचाराचाच भाग. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा, चिमूटभर गालात दाबायचा आणि धानाच्या बांधीत उतरायचं. 'सर्च' ही संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांचं 'मुक्तिपथ' अभियान २०१६ पासून याच सवयीशी झुंजतं आहे. खर्रा जिथे दाबला जातो, त्या गालातच बहुधा कर्करोग सुरू होतो. गालामागे लगेच चावण्याचे स्नायू असतात. रोग त्यांत उतरला का, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो.

सीटी स्कॅनच्या टेबलावर तंत्रज्ञ सांगतो, "गाल फुगवा आणि हलू नका." एरवी गाल हिरडीला चिकटून असतो. हवा भरली की दोन्ही सुटे होतात आणि गाठ नेमकी कुठून निघाली ते कळतं. मग रेडिओलॉजिस्ट खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेवर असलेली खाच शोधतो. रोग खाचेखाली असेल तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया जमते. वर चढला असेल तर कवटीचा तळ जवळ येतो आणि गाठ समूळ काढणं अवघड होतं. स्नायू आणि चरबीचे थर एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. तोंड उघडेनासं झालं म्हणजे रोग स्नायूत गेलाच, असं मात्र नाही. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर कडक होऊनही तोंड आखडतं.

कर्करोग स्नायूत शिरण्याचा दुसरा प्रकार दूरवर पसरण्याचा. फुफ्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग रक्तातून मांडीच्या, कुल्ल्याच्या किंवा कमरेच्या स्नायूत जातो. शरीराच्या वजनात स्नायूंचा वाटा साधारण ४० टक्के, तरी अशा गाठी विरळाच. स्नायूंचं सततचं आकुंचन, बदलता रक्तप्रवाह आणि लॅक्टिक आम्ल यांमुळे कर्कपेशींना तिथे रुजता येत नसावं, असं मानलं जातं.

सीटीवर अशी गाठ अनेकदा कडेने उजळ आणि मध्ये काळपट दिसते. पू झालेलं गळूही तसंच दिसतं, कमरेच्या स्नायूतलं क्षयाचं गळूही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती बनवण्यासाठी लागणारं भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन यंत्र आणि पेट केंद्र २००२ साली मुंबईत परळला सुरू झालं. या साखरेचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ती साठवून ठेवता येत नाही. कर्करोग ती ओढून घेतो, क्षयही घेतो आणि राबलेला स्नायूसुद्धा. त्यामुळे आदल्या दिवशी कष्टाचं काम नको. टोचल्यावर तासभर गप्प बसायचं. त्या वेळात काही चघळलं तर जबड्याचे निरोगी स्नायूच उजळतात आणि स्कॅन वाचणाऱ्याला चकवतात.

म्हणून स्कॅनवरून शंका घ्यावी, निदान सुईने तुकडा काढून करावं. सुई कुठून घालायची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आधी विचारलेलं बरं, कारण सुईची वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागू शकते. भामरागड किंवा सिरोंच्याहून नागपूर गाठणाऱ्याने जुन्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट सोबत न्यावेत. गाठ वाढली की तशीच आहे, हे जुन्या फिल्मशी ताडूनच कळतं.

या साऱ्याच्या आधीची तपासणी गावातच होते. आपली तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते बघा. मावत नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा वा जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि खर्रा त्याच दिवशी सोडा.