मूल ‘बूस्टर’वर केव्हां बसवावें?

ज्या घरांत मोटार आहे आणि चार-पांच वर्षांचें मूलही आहे, अशा घरांत हल्लीं एक वाद हटकून ऐकूं येतो. मूल म्हणतें, “मी आता मोठा झालो, मला बाळाच्या खुर्चीत बसायचं नाही.” नातवास पट्ट्यांनीं जखडलेलें आजींना पाहवत नाहीं, त्या म्हणतात, “अगं, दे त्याला माझ्या मांडीवर. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?” आजोबांच्या मतें वाडीपर्यंतच तर जावयाचें, एवढ्यासाठीं इतका खटाटोप कशास? मुलाचे वडील कोठून तरी ऐकून आलेले असतात कीं चार वर्षें पूर्ण झालीं म्हणजे बूस्टर चालतो. आणि मुलाच्या आईस, जिला रोज त्या मुलाशेजारीं बसावयाचें असतें, तिला बहुधा कोणीच विचारीत नाहीं. आम्हां शिरोळकरांच्या घरीं घडणारी ही गोष्ट पुण्या-मुंबईकडील वाचकांसही अपरिचित नसेल. तेव्हां या वादाचा निकाल कोणाच्या शब्दावर न लावतां कशावर लावावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हीं दोन साधनें वेगळीं ओळखलीं पाहिजेत. लहान मुलाच्या ‘कार सीट’ला तिचे स्वतःचे पट्टे असतात: दोन खांद्यांवरून, दोन कंबरेवरून आणि एक दोन्ही पायांमधून वर येणारा. हे पांचही पट्टे पोटाखालीं एका कुलपांत जुळले, कीं मूल झोंपो, रडो वा हट्टानें अंग टाको, तें जागचें हालत नाहीं. बूस्टर ही तशी वस्तु नव्हे. ती केवळ एक टणक, उंच बैठक होय. कांहींना पाठ असते, कांहींना नसते. तिला स्वतःचा पट्टा नाहीं. मोटारींतला मोठ्या माणसांचा पट्टा मुलाच्या अंगावर योग्य जागीं यावा, एवढ्यासाठीं ती त्यास उंच करते. म्हणजे पहिल्या आसनांत पट्टे मुलास सांभाळतात, आणि दुसऱ्यांत मुलानें स्वतः पट्ट्यांत नीट बसून राहावयाचें असतें. सारा प्रश्न या एका फरकाभोंवतीं फिरतो.

मोटारींतला हा तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनियरानें व्होल्व्हो कंपनीकरितां १९५९ सालीं सिद्ध केला. तो प्रौढ माणसाच्या सांगाड्यावर बेतलेला आहे. त्याचा खालचा भाग कंबरेच्या हाडांवर आणि वरचा भाग खांद्यावर व छातीच्या हाडावर येतो. धक्का शरीरांतील बळकट हाडांनीं सोसावा, ही त्यांतील युक्ति. प्रौढाच्या कंबरेस पुढच्या बाजूस हाडाचीं दोन टोकें असतात, त्यांखालीं पट्टा अडकून राहतो. मुलाचीं हीं टोकें सुमारें दहा वर्षांच्या वयापर्यंत पुरतीं वाढलेलीं नसतात. तशांत मोटारीची बैठक मुलाच्या मांडीपेक्षां लांब. गुडघे वांकवतां यावे म्हणून तें पुढें घसरतें, पाठीस पोक येतो, आणि कंबरेवरचा पट्टा सरकून मऊ पोटावर चढतो. अशा वेळीं गाडी कशावर आदळली तर हाडांऐवजीं आंतडीं दबतात, आणि प्रसंगीं कंबरेपाशींचा मणकाही दुभंगतो. बाहेरून केवळ पोटावर एक आडवा वळ दिसतो. एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों: अपघातानंतर मुलाच्या पोटावर असा वळ आढळल्यास, तें हिंडतें-खेळतें आहे म्हणून स्वस्थ न बसतां त्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें.

बूस्टर मुलास उंच करून हा दोष बराचसा दूर करतो. त्याची बैठक आखूड असल्यामुळें गुडघे कडेवर सुखानें वांकतात, आणि दोन्ही बाजूंच्या खांचांतून गेलेला पट्टा मांड्यांच्या मुळाशीं खालींच राहतो. परंतु हें सर्व मूल सरळ बसलें असेल तरच. तें खालीं पडलेली बाहुली घेण्यास ओणवें झालें, पट्टा मानेस टोंचतो म्हणून त्यानें तो काखेखालून घेतला, किंवा झोंप लागून तें एका कुशीस कलंडलें, कीं बूस्टर असून नसल्यासारखा.

मग तयारी ओळखावी कशी? पहिला प्रश्न मूल बूस्टरवर बसण्याजोगें झालें आहे काय हा नसून, आहे ती पट्ट्यांची खुर्ची त्यास खरोखर लहान पडूं लागली आहे काय, हा आहे. खुर्चीवर वजनाची व उंचीची मर्यादा लिहिलेली असते. मुलाचे खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खांचांपेक्षां वर गेले, किंवा कानांचीं टोकें पाठीच्या वरच्या कडेस पोंचलीं, तर ती लहान झाली असें समजावें. तोंवर ती सोडण्याची घाई करणें म्हणजे मजबूत आश्रय सोडून कमी आश्रयास जाणें होय. चार वर्षें व सुमारें अठरा किलो वजन ही अगदीं खालची पायरी मानावी. तेथें पोंचतांच उडी घ्यावी असा तिचा अर्थ नव्हे. पुष्कळ मुलें पांचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्या खुर्चीत मावतात व तेथेंच बरीं.

दुसरी परीक्षा स्वभावाची, आणि ती आईच उत्तम घेऊं शकते. मोटार दारांत उभी असतांना मुलास बूस्टरवर बसवून पट्टा लावावा आणि अर्धा तास गोष्ट सांगावी. तें पाठ टेंकून बसतें का? खिडकींतून मांजर दिसल्याबरोबर पट्ट्यांतून खांदा काढतें का? मग एखाद्या लहान फेरींत, झोंपेच्या वेळीं, तें कसें कलंडतें तेंही पाहावें. सात वर्षांचा चुळबुळ्या मुलगा या परीक्षेंत नापास होतो आणि त्याची साडेपांच वर्षांची चुलत बहीण उत्तीर्ण होते, हें आमच्या पाहण्यांत आहे. अशा वेळीं ‘ती धाकटी असून बसते, मग हा कां नाहीं?’ असा मानापमान एकत्र कुटुंबांत फार लौकर उभा राहतो. तो मोठ्यांनींच हंसून मिटवावा.

कायद्याची येथें मदत थोडी. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलमानें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बालकांच्या आसनानें सुरक्षित नसेल तर गाडी चालविणारास एक हजार रुपये दंड सांगितला आहे. ‘पट्ट्यानें किंवा आसनानें’ या शब्दांत पांच वर्षांच्या मुलास नुसता मोठ्यांचा पट्टा लावूनही दंड चुकवितां येईल. त्याचें पोट मात्र वांचेलच असें नाहीं. तेव्हां हा निर्णय घरासच करावा लागतो. ज्यांचा प्रवास दुचाकीवरच होतो त्यांच्याकरितां, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास शिरस्त्राण व चालकाशीं बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांपेक्षां अधिक नसावा, असा नियम २०२२ सालीं करण्यांत आला, एवढें नमूद करून पुढें जातों.

आतां मांडीविषयीं. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगांत दुसरी नाहीं, ही आम्हां सर्वांची बाळपणापासूनची भावना. ती बैलगाडींत खरीही होती. मोटारींत हिशेब निराळा. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून थांबणें म्हणजे सुमारें दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा ना, खालीं पडणें. पंधरा किलोंच्या मुलास त्या क्षणीं धरून ठेवावयाचें तर दोनशें किलोंहून अधिक ओढ सोसावी लागते. कोणत्या आजीचे, किंवा पहिलवानाचे, हात ती सोसतील? उलट आजींनीं स्वतःस पट्टा लावलेला नसेल तर त्यांच्या देहाचा भार नातवावरच येतो.

‘वाडीपर्यंतच तर जावयाचें’ हा युक्तिवाद आमच्या तालुक्यांत तर मुळींच टिकत नाहीं. कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं, कीं एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या उसानें ओथंबून रस्त्यानें चालूं लागतात. पुष्कळांच्या मागें दिवा नसतो, आणि एखादी चाक निखळून वळणावरच उभी असते. नृसिंहवाडीस पौर्णिमेच्या आरतीहून परततांना, जयसिंगपूरच्या स्टेशनावर कोणास आणण्यास जातांना, करकचून ब्रेक दाबण्याचा प्रसंग हंगामांत कोणास आला नाहीं? कोल्हापूरचा पन्नासेक किलोमीटरांचा प्रवास आपण मोठा समजतों, आणि सावधपणा त्याच्याकरितां राखून ठेवतों.

मागें बसणाऱ्यास पट्टा कशास, ही समजूतही तितकीच जुनाट. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यास आदळली. मागील बैठकीवरील मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी या दोघांनीं पट्टा लावलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. दोघेही दगावले, आणि पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वांचले. मुलाचा बूस्टर मागेंच बसवावयाचा, हें ठरलेलेंच. पण त्याच्या शेजारीं बसणाऱ्या काकू-आत्यांचाही पट्टा लागला पाहिजे.

काटकसरी घरांतून बूस्टराऐवजीं उशी, घडी केलेली सतरंजी, क्वचित् देवघरांतला जादा पाटही वापरला जातो. पंगतींत लहानग्यास उंच करण्यास ही युक्ति नामी. मोटारींत मात्र उशी दाबली जाते, पाट अंगाखालून निसटतो, आणि मूल पट्ट्याखालून घसरतें. तसेंच वडिलोपार्जित वस्तूंविषयीं. आमच्याकडे पाळणा तीन पिढ्या चालतो, आणि चालावाच. बूस्टराचें प्लॅस्टिक उन्हातान्हांत जीर्ण होतें. त्यावर वापराची मुदत असल्यास ती पाहावी, आणि एकदां अपघात सोसलेला बूस्टर, दिसण्यांत कितीही धड असला तरी, धाकट्या दिरांच्या मुलास देऊं नये. विकत घेतांना भारतीय ए.आय.एस. ०७२ या मानकाचा उल्लेख किंवा यूरोपांतील मान्यतेची नारिंगी चिठ्ठी पाहावी, आणि सुरुवातीस पाठ असलेलाच घ्यावा. झोंपलेल्या मुलाच्या डोक्यास तो आधार देतो. बूस्टर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावांचून चालत नाहीं. जुन्या मोटारींत मधल्या जागेस बहुधा नुसता कंबरेचा पट्टा असतो. ती जागा बूस्टरास वर्ज्य.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो खरोखरच अवघड आहे. लहान मोटारीच्या मागच्या बैठकीवर तीन बूस्टर शेजारीं शेजारीं क्वचितच मावतात. घरांत मात्र नातवंडें चार आणि देवास जाणारीं माणसें आठ. यावर गोड उपाय आमच्याजवळ नाहीं. दोन फेऱ्या कराव्या, किंवा मोठ्यांपैकीं कांहींनीं एस. टी.नें जावें. सासऱ्यांसमोर हें बोलणें सुनेस जड जातें; म्हणून ही व्यवस्था आजोबांनींच निघण्याच्या आदल्या रात्रीं सांगून टाकावी. त्यांनीं सांगितल्यावर आत्याबाईही कुरकुरत नाहींत, असा अनुभव आहे.

बूस्टर सुटण्याचें वय कोणतें, हेंही पुष्कळ विचारतात. मुंज आठव्या वर्षीं होते, पण कंबरेचें हाड पंचांग पाहून वाढत नाहीं. इंग्लंडांत बारा वर्षें किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यांपैकीं जें आधीं होईल तोंवर असें साधन सक्तीचें आहे. जर्मनींत हीच उंची १५०. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ चार फूट नऊ इंच, म्हणजे सुमारें १४५ सेंटिमीटर सांगतात. ती मुलें बहुधा आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान गांठतात. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें १४५ ची खूण करावी, आणि तिला मूल पोंचलें कीं मोटारींत बूस्टराशिवाय बसवून पाहावें: पाठ पुरती टेंकते, गुडघे बैठकीच्या कडेवर वांकतात, खालचा पट्टा मांड्यांवर व वरचा मान आणि खांदा यांच्या मधोमध येतो, आणि प्रवासभर तसाच राहतो, तर बूस्टर सुटला. मात्र प्रत्येक मोटारीची बैठक निराळी असते. आपल्या गाडींत नीट बसणारी मुलगी मामाच्या उंच-खोल बैठकीच्या गाडींत पुन्हां पुढें घसरेल. म्हणून सुटलेला बूस्टर लगेच माळ्यावर न टाकतां वर्षभर डिकींतच असूं द्यावा.