घरांतील मंद इंटरनेट

चित्र थबकलें, मुलाचा पाठ मध्येंच तुटला, कीं गृहस्थ कंपनीवर रागावून अधिक दराची योजना घेऊन बसतो. पैसे जातात; वेग मात्र पूर्वींचाच! म्हणून आधीं संगणक राउटरला तारेनें जोडून वेग मोजावा. १०० मेगाबिटांच्या योजनेंत फाइल उतरतांना सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट दिसतील, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. ती तूट नव्हे. तारेवरहि वेग अपुरा असेल, तर दोष बहुधा बाहेरचा आणि तक्रार रास्त. तारेवर पुरेसा पण माजघरांत नाहीं, तर चोर घरांतच आहे.

वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढें लवकर क्षीण होतात. २.४ च्या लांब पोहोंचतात, परंतु तेथें गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह भट्टीहि सुमारें २.४५ वरच चालते. (दूध तापवतांना पाठ अडखळतो तो असा!) त्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ व ११, त्यांतील मोकळा निवडावा. राउटर कपाटांत दडवूं नये, घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा. दगडी वाड्यांत मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें पलीकडच्या खोलींत तार ओढून दुसरा वाय-फाय संच बसवावा.