शिर्डीच्या सहलीला कोणती बॅग?

उन्हाळी सुट्टीत आमच्या नगरहून पोराबाळांना घेऊन शिर्डी गाठायची, तर दर्शनाबरोबर दोन ठिकाणं ठरलेली: 'साईतीर्थ' हे थीम पार्क आणि 'वेट एन जॉय' वॉटर पार्क. दोन्ही संगमनेरच्या मालपाणी समूहाची. पण दोन्हींना एकच बॅग चालत नाही, हे मी शेजारणींना आवर्जून सांगते.

साईतीर्थात एका खेळातून दुसऱ्या खेळात जायचं, 'लंकादहन'चा खेळ अंधारात बसून पाहायचा. तिथे मांडीवर मावेल एवढीच पाठपिशवी घ्यावी. विकत घेताना पट्टा जिथे पिशवीला शिवलेला असतो, ती जागा उलटी करून बघा. तिथे चौकोनात फुलीची दुहेरी शिलाई हवी. एकेरी टीप असेल तर भरल्या बाटल्यांनी पट्टा उसवतो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, आणि चारजणांचं पाणी शेवटी आईच्याच खांद्यावर येतं. म्हणून पट्टा रुंद आणि गादीचा घ्या. बाटलीचा कप्पा बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे गळकं झाकण डबा भिजवत नाही.

वॉटर पार्कला मोठी बॅग लॉकरमध्येच राहते. अंगावर फक्त गळ्यातला प्लास्टिकचा जलरोधक पाऊच: किल्ली, थोडे पैसे, मोबाइल. घरी त्यात कागद घालून बादलीत बुडवून बघा. ओल्या कपड्यांना कापडी पिशवी नको, जाड प्लास्टिकची न्या.

समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे दर्शनाला जाताना हाच पाऊच मोबाइलसकट जमा करणं सोपं जातं.