एका गंजक्या मोटारीचे अंदाजपत्रक

गेल्या मे महिन्यात कुंभिवलीहून आत्याचा फोन आला. आमच्या आत्याचा फोन म्हणजे पूर्वीच्या तारेसारखा असतो. त्यात कामापुरते शब्द, आणि तेही मोजून. "शनिवारी ये. कोरी वही आण. गाडीचा हिशेब करायचाय." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

आता मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काय कळते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो आमच्या घरातही आला. परंतु आत्याच्या माहेरी हिशेबाची वही नीट लिहिणारा मी एकटाच उरलो आहे, आणि अक्षर चांगले असले की माणूस व्यवहारातही चोख असणार, अशी तिची जुनी समजूत आहे. तेव्हा कर्जतच्या फाट्याने जाणारी खोपोली लोकल पकडून मी निघालो. खोपोलीहून रिक्षा केली आणि दहाच्या सुमारास आत्याच्या अंगणात उतरलो.

अंगणाच्या कडेला, पडवीच्या फुटक्या कौलांखाली, ती उभी होती. 1962 सालची फियाट इलेव्हन हंड्रेड, 'सुपर सिलेक्ट'. हिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट, मागच्या बाजूला बिजागरी ठेवून उघडतात. पुढून फुगीर तोंड, गोल पाठ. या ठेवणीमुळेच लोकांनी या गाडीला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले होते, आणि ते कुणी रागाने उच्चारीत नसे. आतोबांनी ती 1974 साली जुनी म्हणून विकत घेतली. 1996 मध्ये ती पडवीत गेली आणि तिथेच राहिली. लहानपणी मी याच गाडीच्या मागच्या बाकावर बसून बोरघाट चढलो आहे. घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबे, आतोबा देवापुढे नाणे टाकीत आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतीत. देवाला नाणे आधी की गाडीला पाणी आधी, यावर आत्याचे आणि त्यांचे दरवेळी भांडण होई.

घरात वाद असा होता. आतेभावाच्या मते गाडी भंगारात द्यावी, पडवी पाडावी आणि तिथे भाड्याची एक खोली काढावी. भंगारवाल्याने एकवीस हजार रुपये देऊ केले होते. आत्याचे म्हणणे, गाडी दुरुस्त करावी. त्यासाठी बँकेतली चार लाखांची ठेव मोडायची तिची तयारी होती. ही ठेव काही मौजेचा पैसा नव्हे. तिच्या आजारपणाला आणि नातीच्या शिक्षणाला मिळून तेवढीच गंगाजळी. वहिनी दोन्ही बाजूंना चहा देत होत्या आणि एकही शब्द बोलत नव्हत्या, यावरून प्रकरण किती तापले आहे ते मी ओळखले.

अकरा वाजता खोपोलीचे मिस्त्री आले. साठी उलटलेले, हातात एक लोहचुंबक, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि विजेरी. मला वाटले, ते आधी इंजिन पाहतील. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. सरळ जमिनीवर गोणपाट अंथरले आणि गाडीखाली शिरले.

"सर, इंजिन मेलं तर दुसरं बसतं," खालून आवाज आला. "पत्रा मेला तर गाडीच मेली."

या वाक्यात जुन्या मोटारीच्या अंदाजपत्रकाचे निम्मे शास्त्र आहे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली पोलादी चॅसी असते आणि वर टप बसवलेला असतो. टप कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. 1953 साली इटलीत फियाटने ही इलेव्हन हंड्रेड नव्या रूपात आणली, तेव्हा तिला वेगळी चॅसी ठेवलीच नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरठे आणि छताचे खांब हेच एकमेकांना जोडून तिचा सांगाडा होतात. गाडी त्यामुळे हलकी झाली, पण गंज तळात शिरला की तो कण्यातच शिरतो.

आणि गंजाला आमचा कर्जत-खालापूरचा मुलूख फार मानवतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतोच. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फोड येतात. वरून रुपयाएवढा फोड दिसला तर आतून तळहाताएवढा पत्रा गेला असे समजावे. आमच्या आतेभावाने त्यात भर घातली होती. पंधरा पावसाळे त्याने मागच्या बाकावर खताची पोती ठेवली. खत हवेतली ओल ओढून घेते आणि त्यातले क्षार पत्रा खातात. मिस्त्रींनी मागच्या तळाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला, आणि तो भाकरीत बोट जावे तसा आरपार गेला. आतेभाऊ दुसरीकडे पाहू लागला.

मग लोहचुंबकाची पाळी. जिथे खरा पत्रा, तिथे तो चिकटे. जिथे पूर्वी कुणी भोक बुजवून वर लांबी भरली होती, तिथून तो खाली पडे. डाव्या चाकावर तो तीनदा पडला. त्यानंतर दारे उघडून मिटून पाहिली. दार मिटताना वर उचलावे लागत असेल, किंवा त्याची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर सांगाडा खचला असे समजायचे. आमची दारे, देवाच्या दयेने, सरळ मिटली. शेवटी कागदपत्रे. नोंदणी पुस्तकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. हे न जुळले, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

इंजिन सर्वांत शेवटी. ते जाम होते. पण मिस्त्रींना त्याची चिंता वाटली नाही, आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथसारख्या अमेरिकन गाड्या जोडल्या, 1954 पासून ही फियाट हाती घेतली, आणि पुढे तिचीच बहीण 'पद्मिनी' नावाने विसावे शतक सरेपर्यंत काढली. त्या साऱ्यांत 1089 सी.सी.चे त्याच वंशातले इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली, तरी तिचे पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट अजून कुठे ना कुठे सापडतात. सापडत नाही ते वेगळेच: दाराची मूठ, दिव्याची कडी, काचेभोवतीचे रबर, बंपरवरचे निकेलचे दागिने. तात्पर्य, जुन्या गाडीत अवजड ते स्वस्त पडते आणि नाजूक ते महाग.

अमेरिकेत हे गणित निराळे आहे. तिकडे 1964 साली पॉन्टिॲक जी.टी.ओ. निघाली. मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचे, सव्वातीनशे अश्वशक्तीचे इंजिन. आमच्या फियाटची ताकद चाळीस अश्वांच्या आसपास. अशा दांडग्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात आणि त्यांच्यासाठी पत्रे, दारे, रबरे नव्याने घडवून विकणारा धंदाच उभा आहे. नामांकित गाडीला गिऱ्हाईकही दाम मोजते, म्हणून कधी कधी खर्च वसूल होतो. आपल्याकडच्या घरगुती फियाटला लावलेला पैसा गाडी विकून परत येईल, या भ्रमात कोणी राहू नये. तो पैसा खर्च म्हणूनच वहीत लिहावा, गुंतवणूक म्हणून नव्हे.

जेवणे झाल्यावर मी वही उघडली. मिस्त्री सांगत गेले, मी लिहीत गेलो. पत्राकाम 1,10,000. रंग 80,000. इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी मिळून 80,000. ब्रेक आणि स्टिअरिंग 35,000. वायरिंग आणि बॅटरी 22,000, कारण उंदरांनी एकही तार सोडली नव्हती. टायर 20,000. काचांची रबरे, बैठका, आतले छत 48,000. निकेल 30,000. बेरीज 4,25,000.

"आता शेजारी दुसरा रकाना पाडा," मिस्त्री म्हणाले. "हे दिसलं त्याचं झालं. उघडल्यावर जे दिसेल त्याचे शंभराला तीस धरा. हा रकाना जो मिस्त्री सांगत नाही, तो तुम्हाला अर्ध्या वाटेत गाठतो. गाडी खोललेली, पैसे संपलेले. मग ती भंगारवालाही त्या भावात घेत नाही."

दुसऱ्या रकान्यात 1,27,500 लिहिले. एकूण 5,52,500. आतेभावाने घसा खाकरला. आत्या गप्प बसली. मला तिच्याकडे पाहवेना.

त्या शांततेत मला माझा व्याकरणाचा तास आठवला. आम्ही सगळे सकाळपासून एकच शब्द वापरत होतो, 'दुरुस्त करणे'. पण त्या एका शब्दाच्या पोटात तीन निरनिराळी क्रियापदे होती. मी विचारले, "मिस्त्री, ही गाडी नुसती वाचवायची तर किती? चालवायची तर किती? आणि नटवायची तर किती?"

मिस्त्री हसले. "हे आधी विचारायचं होतं, सर. नटवायची त्याचा आकडा तुम्ही लिहिलाच."

चालवायची तर रंग, निकेल, बैठका सोडून द्यायच्या आणि पत्राकामातले सांगाड्याचे तेवढे साठ हजारांचे काम धरायचे. बेरीज 2,17,000 आणि दुसऱ्या रकान्यासह 2,82,100. वाचवायची तर फार थोडे. गाडी घोड्यांवर उचलायची, तळ धुऊन वाळवायचा, गंज खरवडून प्रायमर मारायचा, खांबाशी फाटलेला पत्रा तेवढा जोडायचा, इंजिनात तेल सोडून ते मोकळे करायचे, खाली कोबा आणि वर धड छप्पर. सगळे मिळून 38,000.

मग मी आत्याकडे वळलो. "आत्या, तुला यातलं काय हवंय? आतोबांची आठवण म्हणून गाडी ठेवायची, तर वाचवली तरी पुरे."

"त्यांची आठवण भिंतीवर आहे," आत्या म्हणाली. "गाडी त्यांच्या नावावर होती. पण शेवटची दहा वर्षं चालवली मी. त्यांची छाती दुखायला लागली त्या रात्री खोपोलीपर्यंत कोणी नेलं त्यांना? मीच ना? तुम्ही सगळे म्हणता 'आतोबांची गाडी'. मीही तसंच म्हणत आले."

आतेभावाने मान खाली घातली. हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही कधी सुचले नव्हते. मलाही नव्हते.

"मग चालवायचीच म्हणतेस?" मी विचारले.

आत्याने थोडा वेळ वहीतल्या आकड्यांकडे पाहिले. तिचे वय एकोणऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि लायसन्स संपून बरीच वर्षे झालेली. "मला आता कुठे चालवता येतेय," ती म्हणाली. "वाचवा. चालवायचा खर्च जिला चालवायची आहे तिने करावा. ठेव मोडायची नाही." आणि तिने दारात उभ्या असलेल्या नातीकडे पाहिले. अठरा वर्षांच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले, त्याचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढायची. तेव्हा कोणत्या नोंदणीवर गाडी ठेवायची, हे खर्च करण्यापूर्वी ठरवावे. आणि भंगारातच द्यायची ठरली, तर नोंदणी रद्द केल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय देऊ नये. गाडी वितळते, पण कागदावर तिचा मालक तुम्हीच राहता.

गणपतीत मी पुन्हा कुंभिवलीला गेलो. गाडी चार घोड्यांवर उभी होती. खाली कोबा झाला होता, वर नवे पत्रे चढले होते. खोलीचा विचार आतेभावाने पुढच्या वर्षावर ढकलला होता, आणि खताची पोती स्वतःच्या खांद्यावरून गोठ्यात नेली होती. तळाला चार ठिगळे लागतील असा मिस्त्रींचा अंदाज होता, प्रत्यक्षात सात लागली. दुसरा रकाना असा खरा ठरला. प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलेले इंजिन अकराव्या दिवशी हँडलने अर्धा वेढा फिरले, ते नातीच्या हातून.

ती आता खोपोलीला मोटार शिकायला जाते. आत्या तिला दर रविवारी त्या घोड्यांवरच्या गाडीत बसवते, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकायला लावते, आणि शेजारी बसून ओरडते, "क्लच आधी! घाटात काय करशील?"